साइडपट्टीवरची सायकल

लातूरहून अंबाजोगाईकडे निघाले की वाटेत रेणापूर लागते. रेणा नदीच्या काठचे, रेणुकामातेच्या मंदिरामुळे दूरवर परिचित असलेले हे तालुक्याचे गाव. सकाळी शाळेच्या सुमारास भोवतालच्या खेड्यांतून मुले-मुली सायकलींवर गावाकडे येऊ लागतात. आणि गाळपाचे दिवस असले म्हणजे त्याच रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर ऊस घेऊन निवाड्याच्या रेणा साखर कारखान्याची वाट धरतात. उसाच्या भाराने एका अंगाला झुकलेली ट्रॉली, तिला मागे टाकण्यास उतावीळ झालेली जीप आणि या दोघींच्या डावीकडे, डांबर संपून मुरूम सुरू होतो त्या काठावर दप्तर पाठीशी घेतलेली एक मुलगी. तिच्या आणि ट्रॉलीच्या मध्ये कित्येकदा हातभराचेही अंतर नसते.

२०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक होते. एकूण संख्येच्या मानाने हा आकडा लहान वाटतो खरा. परंतु सायकलस्वाराच्या हातून दुसऱ्याचा जीव जाण्याचा प्रसंग जवळजवळ येतच नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे वजन कळते.

व्यापारी घराण्यांना सायकल नवी नाही. आज ज्यांच्या दारात मोटारी उभ्या आहेत, त्यांपैकी अनेकांच्या आजोबांनी कापडाचे गठ्ठे कॅरिअरला बांधून आठवडी बाजार केले आणि उधारीच्या वसुलीसाठी खेडी पालथी घातली, ती सायकलवरच. त्या काळी अनेक नगरपालिका सायकलींवर कर घेत आणि पत्र्याचा बिल्ला देत. रात्री दिवा नसला किंवा मागे कुणाला ‘डबल सीट’ बसवले, तर पोलीस अडवीत. त्या जाचाच्या गोष्टी घरोघरी हसत सांगितल्या जातात. पण त्या जाचात एक मान होता: सायकल हे वाहन आहे आणि रस्त्यावर तिला जागा आहे, हे सरकारला मान्य होते. पुढे बिल्ला गेला, दिवा गेला, आणि जागाही गेली.

ती जागा परत मिळवण्याचे काम महाराष्ट्रात काही स्वयंसेवी संस्थांनी अंगावर घेतले आहे. एके काळी ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात ‘परिसर’ ही संस्था गेली कित्येक वर्षे पादचारी, सायकलस्वार आणि सार्वजनिक बस यांची बाजू मांडत आली आहे. तेथील अनुभव मोठा बोलका आहे. २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर बससाठी स्वतंत्र मार्गिका आल्या आणि सायकलमार्गही आखले गेले. पण ते सलग नव्हते. मध्येच झाड, मध्येच रोहित्र, पुढे उभ्या केलेल्या दुचाक्या. अर्ध्यावर संपणारा मार्ग सायकलस्वाराला नेमका भर वाहतुकीत आणून सोडतो. त्यापेक्षा तो नसलेला बरा. डिसेंबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेने संपूर्ण शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. आराखड्यातली रेषा रस्त्यावर उतरवण्याचा पाठपुरावा मात्र नागरिकांच्याच वाट्याला येतो. नाशिकच्या सायकलप्रेमींनी दुसरी वाट धरली. त्यांची नाशिक–पंढरपूर सायकलवारी प्रसिद्ध आहे. अशा उपक्रमांनी सायकलची प्रतिष्ठा वाढते यात शंका नाही; तरी हौसेने शंभर किलोमीटर जाणारा आणि पोटासाठी किंवा शिक्षणासाठी रोज चार किलोमीटर जाणारा, यांच्या गरजा एक नव्हेत. पहिल्याजवळ हेल्मेट असते, झगझगीत अंगरखा असतो. दुसऱ्याच्या सायकलला धड ब्रेकही नसतात.

ज्या नेदरलँड्सचे सायकलमार्ग पाहून आपले प्रवासी चकित होतात, तेथेही ते आपोआप झाले नाहीत. १९७१ मध्ये त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे दगावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. एका पत्रकाराने स्वतःची लेक अपघातात गमावली. त्याने लिहिलेल्या लेखाचे शीर्षक होते ‘बालहत्या थांबवा’. तेच एका चळवळीचे नाव झाले. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर उतरले, आणि १९७५ मध्ये सायकलस्वारांची स्वतंत्र संघटनाही उभी राहिली. सरकारे त्यानंतर हलली.

रेणापूरसारख्या गावाला पुण्याचा आराखडा लागू पडणार नाही; तेथे सायकलची वाट आधीपासूनच आहे. गावनकाशावर दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला गाडीमार्ग, दोन गावांच्या शिवेवरून जाणारा शिवरस्ता, शेतांमधून गेलेली पाणंद: यांवरून गेले तर महामार्गाचा बराच भाग टळू शकतो. अडचणी दोन. पहिली, अतिक्रमण. बांध सरकत सरकत पाणंद कुठे पायवाट झाली आहे, कुठे नाहीशीच झाली आहे. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार तहसीलदार तो मोकळा करून देऊ शकतात. मात्र अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. ही मुदत भांडणे मिटवण्याच्या आशेत निघून जाते. दुसरी अडचण काळ्या मातीची. पावसाळ्यात ती चाकाला अशी चिकटते की मडगार्डमध्ये गोळा बसून सायकल खांद्यावर घेण्याची पाळी येते. मुरुमाचा चांगला थर आणि दोन्ही बाजूंना चर, एवढ्याने काम भागते. रोजगार हमीतून पाणंद रस्ते करण्याची राज्याची योजनाही आहे. उणीव आहे ती नकाशा हाती घेऊन कोणत्या वाटेने किती मुले येतात हे मोजणाऱ्या, ग्रामसभेत तो ठराव मांडणाऱ्या आणि तहसीलच्या पायऱ्या न कंटाळता चढणाऱ्या पाच-सात माणसांची.

अशा मंडळात व्यापाऱ्यांनी असावे, याला कारण आहे. दुकानापुढे रस्त्यावर आलेली पोती आणि डबे सायकलस्वाराला डावी बाजू सोडून मध्यावर जाण्यास भाग पाडतात. आणि दुकान वाढवल्यावर अंधारात सायकलवर आपल्या खेड्याकडे निघणारा नोकर किंवा हमाल त्याच पेढीचा असतो. नव्या सायकलींना परावर्तक हवेत, असा केंद्र सरकारचा २०२० चा आदेश आहे. पण त्याची सायकल जुनी असते. पहाटेच्या विहारात साधू-साध्वींच्या मागेपुढे चमकत्या पट्ट्यांची जाकिटे घालून चालणारे तरुण समाजाने पाहिले आहेत. ते जाकीट, मागचा लाल दिवा आणि चिकटपट्टीचे दोन तुकडे यांचा खर्च दिवाळीच्या मिठाईच्या एका पेटीहून फारसा अधिक नाही.

मार्गशीर्षात दिवस लवकर मावळतो. त्या वेळी रेणापूरच्या बाजारपेठेत दिवे लागलेले असतात, फाट्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, आणि शिकवणी सुटलेली मुले घराकडे निघालेली असतात.