अंतराळातील खाणी : भांडवल कुणाचे, नफा कुणाचा?

लोणारचे सरोवर आमच्या वऱ्हाडातले. आकाशातून दगड पडला आणि काळ्या खडकात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा झाला. आता तसल्या दगडांवर जाऊन धातू काढायचा आणि विकायचा, अशी बोलणी जगात चालली आहेत. अमेरिकेने २०१५ साली व लक्झेंबर्गने २०१७ साली त्यासाठी कायदे केले. आपल्या सरकारच्या २०२३ च्या अंतराळ धोरणातही, खासगी कंपनीने लघुग्रहावरून जे मिळविले ते तिने बाळगावे व विकावे, अशी मुभा आहे. धोरण म्हणजे कायदा नव्हे, पण वाऱ्याची दिशा कळते.

शरीअतमध्ये उडत्या पाखराचा आणि पाण्यातल्या माशाचा सौदा नाजायज आहे. चंद्रावरच्या मातीचा सौदा मात्र झालेला आहे! २०२० साली नासाने चार कंपन्यांशी तसे करार केले. लुनर आउटपोस्ट या कंपनीने भाव लावला फक्त १ डॉलर, आणि बयाणा म्हणून तिला १० सेंट मिळाले. मार्च २०२५ मध्ये तिची गाडी चंद्रावर पोचली, पण यान आडवे पडले आणि गाडी बाहेर निघालीच नाही. लोक हसले. आम्ही हसत नाही, कारण ते यान नासाच्याच सहा कोटी डॉलरहून मोठ्या कंत्राटावर गेले होते. मातीचा भाव १ डॉलर, आणि गाडीभाडे जनतेच्या खिशातून. नासाच्याच दुसऱ्या यानाने २०२३ मध्ये बेन्नू लघुग्रहावरून १२१.६ ग्रॅम माल आणला. खर्च १०० कोटी डॉलरच्या वर, आणि वजन अर्धा पावही नाही.

आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये चंद्रावरून माती आणण्यासाठी चांद्रयान-४ ला २१०४ कोटी रुपये मंजूर झाले. पुढच्याच महिन्यात अंतराळातील खासगी कंपन्यांसाठी १००० कोटींचा भांडवल निधी मंजूर झाला. विज्ञानासाठी खर्च व्हावा, त्याला आमचा विरोध नाही. परंतु अमरावती-अकोल्याच्या दुकानांतून विकल्या जाणाऱ्या कापडावरचा जीएसटीही त्याच तिजोरीत जातो, म्हणून हिशेब विचारणे आमचा हक्क आहे.

मुजारबतचा व्यवहार आमच्या वाचकांना ठाऊक आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. तोटा आला तर भांडवलवाल्याचे पैसे बुडतात आणि दुसऱ्याची मेहनत वाया जाते, पण नफ्यातला हिस्सा दोघांचा आधीच ठरलेला असतो. या नव्या भागीदारीत सरकारचे भांडवल आहे, जोखीम आहे, आणि धोरणात सरकारी हिश्श्याचा आकडाच नाही. ही कसली भागीदारी?

हनफी फिकहमध्ये खाणीतल्या धातूचा पाचवा हिस्सा बैतुलमालचा मानला आहे. यवतमाळ जिल्ह्यात वणीचा कोळसा निघतो त्यावरही रॉयल्टी आहे, आणि २०१५ पासून खाणपट्ट्यातील लोकांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानची तरतूद आहे. मग आकाशातली खाण मोकळी का?

हिस्सा मागितला तर कंपन्या येणार नाहीत, असे काही लोक म्हणतात. पण माल हाती येईपर्यंत कुणी एक पैसाही मागत नाही. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार चंद्र कुठल्याच देशाच्या मालकीचा नाही, मग एका कंपनीचा तरी कसा होईल? आमच्या दोन्ही जिल्ह्यांच्या व्यापारी संघटनांनी खासदारांना आताच निवेदन द्यावे, की अंतराळाचा कायदा संसदेत येईल तेव्हा पाचव्या हिश्श्याचे कलम त्यात लिहून घ्यावे.