दरीत उतरणाऱ्यांची हजेरी लावा

मा. मदत व पुनर्वसन मंत्री, मा. कामगार मंत्री आणि राज्यातील कारखानदार व आस्थापनाचालक यांस,



पावसाळा तोंडावर आला की आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठका होतात आणि गिर्यारोहण संस्थांचे फोन नंबर प्रशासनाच्या यादीत चढतात. यादीतल्या बहुतेकांना सकाळी कामावर हजर व्हायचं असतं, हे मात्र कुणी विचारात घेत नाही.

२८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस कोसळली, ३० जण गेले. दरीत दोर टाकून महाबळेश्वर-पोलादपूरकडचे ट्रेकर उतरले. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगरावरच्या इरशाळवाडीवर दरड आली. वर जायला रस्ता नव्हता, यंत्र चढत नव्हतं. भर पावसात खोपोली परिसरातली पोरं चिखल तुडवत वर गेली. यांतल्या कुणाचंही पोट बचावकार्यावर चालत नाही. कुणी कंपनीत आहे, कुणाचं दुकान आहे, कुणी रिक्षा चालवतो.

जखमी माणूस दरीतून वर घ्यायचा, तर आधी मानेला कॉलर लावायची, मग पाठीचा कणा हलू न देता त्याला स्ट्रेचरवर घेऊन पट्टे आवळायचे. वर दोन दोर, दोन वेगळे अँकर, प्रत्येक अँकरवर एक जाणता माणूस. दोर कड्यावर घासू नये म्हणून एक जण कडेला पालथा पडलेला. स्ट्रेचरला बिलगून, कड्याला पाय लावत एक जण जखमीशी बोलत वर येतो. ओढायला सहा-आठ जण. पुढे पायवाटेवर खांदे सतत बदलावे लागतात. म्हणून दोघा-तिघांना बोलावून भागत नाही. हे सगळं मध्यरात्री उरकलं, तरी पहाटे कंपनीची बस नाक्यावर उभी असते, आणि रात्रभर दोर ओढलेले हात सकाळी प्रेस मशीनवर असतात. तो धोका शेजारच्या मशीनवरच्यालाही आहे.

माझ्या एका सहकाऱ्याचा अशा रात्रीनंतर खाडा झाला. त्याने साहेबांना मोहिमेचे फोटो दाखवले. साहेबांनी पाठ थोपटली. खाडा तसाच राहिला, पगार कापला गेला.

२०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला ८ नैमित्तिक रजा मिळतात. त्यातच घरचं आजारपण, मुलांची शाळा. ‘आपदा मित्र’ योजनेत १२ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, साहित्याचा संच मिळतो, विमा उतरवला जातो. चांगली योजना आहे. पण प्रशिक्षित माणूस पाळीत अडकला असेल, तर त्याला सोडवायची सोय कुठे आहे? मतदानाला पगारी सुट्टी देणं कायद्याने बंधनकारक आहे. रक्तदानासाठी केंद्राच्या कर्मचाऱ्याला विशेष रजा मिळते. जर्मनीत सरकारी आपत्ती मदत दलातला स्वयंसेवक मोहिमेवर गेला, तर कायद्यानेच त्याची कामावरून सुटका होते, पगार चालू राहतो आणि खाजगी मालकाला सरकार भरपाई देतं.

आमची मागणी तेवढीच आहे. तहसीलदार किंवा पोलीस ठाण्याकडून बोलावणं आलं की ते तास कामावरचे धरा. मोहीम रात्रीची असेल तर पुढे आठ तास विश्रांती द्या. लहान मालकाला त्या पगाराची भरपाई द्या. रिक्षावाल्याला, दुकानदाराला दिवसाचा भत्ता द्या. ही सवलत ऊठसूट कुणालाही नको. प्रशासनाकडे नोंद असलेल्या आणि दरवर्षी सरावाला येणाऱ्यांपुरतीच ती ठेवा. खोट्या नोंदी होणार नाहीत ही जबाबदारी आमच्या संस्था घेतील.

कारखानदारांनो, कायद्याची वाट पाहू नका. मोबाईल गेटवर जमा होतात, तिथे बचावाला जाणाऱ्या कामगारांची नावं लिहून ठेवा आणि बोलावणं आलं की लाइनवर निरोप पोहोचवा, एवढं तर उद्यापासून करता येईल.

मंत्रिमहोदय, पावसाळ्याआधी शासन निर्णय काढा. मसुद्यावर बोलायला आम्हालाही बोलवा. बैठक रविवारी किंवा संध्याकाळी सहानंतर ठेवलीत, तर नोकरी करणारे सगळे येऊ शकतील.

आपला,
सह्याद्रीतील एक बचाव स्वयंसेवक