बोलण्याच्या कितीतरी आधी

बाळाला ऐकू येतं का, हे आपल्या घरांत अजूनही ताट वाजवून पाहतात. कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत काय किंवा व्यापारी पेठेत काय, बाळ दचकलं की सगळे निर्धास्त. पण एकाच कानानं ऐकणारं मूलही दचकतं, आणि हाताची हालचाल दिसली म्हणूनही मूल मान वळवतं. मग बोलणं लांबतं, तेव्हा कुठे धावपळ सुरू होते.

म्हणून हा अंक मुलांच्या कान-नाक-घशाच्या संशोधनाला दिला आहे. निरोगी अंतर्कर्ण स्वतःही क्षीण ध्वनी बाहेर टाकतो, हे संशोधक डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली लंडनमध्ये दाखवलं. झोपलेल्या तान्ह्या बाळाची काही मिनिटांत होणारी तपासणी त्याच शोधावर उभी आहे. ऐकण्यातला दोष सहा महिन्यांच्या आत कळला तर भाषा कितीतरी चांगली वाढते, हे क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलं. आपल्याकडे कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेनं अंतर्कर्णात बसवायचं श्रवणयंत्र, रुजवणाऱ्या मुंबईच्या डॉ. मिलिंद कीर्तने यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली.

शस्त्रक्रियेचं कौतुक होतं, व्हायलाच हवं. तपासलेल्या मुलाचा वर्षानुवर्षं माग ठेवणारा संशोधक मात्र कुणाच्या नजरेत भरत नाही. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात शिकणाऱ्या एखाद्या तरुण डॉक्टरनं हेच काम आयुष्यभरासाठी निवडावं आणि त्याला त्यासाठी वेळ व पगार मिळावा, अशी आमची मनापासून मागणी आहे. मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड मजुरांची बाळं हंगाम संपताच जिल्हा सोडतात. त्यांची तपासणी आणि नोंद कशी टिकवायची, इथूनच त्यानं सुरुवात करावी.