संगणकाशी गट्टी : नेट आपोआप सुरू व्हावं म्हणून

बालमित्रांनो, शाळेतला लिनक्स संगणक चालू केला, की आधी वाय-फाय जोडत बसायचं. तासिका संपत येते आणि आपलं काम तसंच! यावर उपाय आहे.

पुष्कळ लिनक्स संगणकांत 'नेटवर्क मॅनेजर' असतो. २००४ साली रेड हॅट कंपनीने तो सुरू केला. ओळखीची जोडणी शोधून जोडणे हे त्याचे काम. 'ग्नोम'च्या सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या नावापुढचे दातेरी चाक दाबा. तिथे दोन खुणा दिसतील. पहिली 'कनेक्ट ऑटोमॅटिकली'. ती बहुधा आधीच केलेली असते. दुसरी 'मेक अव्हेलेबल टू अदर यूजर्स'. हीच राहून जाते! मग पासवर्ड एकाच्याच खात्यात कुलूपबंद राहतो. त्याने लॉगिन करेपर्यंत नेट नाही. दुसरी खूण केली, की लॉगिनच्या आधीच जोडणी तयार. मात्र ती सर किंवा बाईंना विचारूनच करा हं.

आणि पालकहो, स्टेशनवरच्या, हॉटेलातल्या वाय-फायची पहिली खूण काढून टाका. त्याच नावाचे खोटे वाय-फाय कुणीही उभे करू शकतो. संगणकाला नाव कळते, माणूस कळत नाही. ते पाहायचे काम आपले!