जबरी चोरीला शिक्षा अपुरी. फिर्यादीने दाद कुठे मागायची?

कांद्याच्या पट्टीचे पैसे खिशात घालून शेतकरी रात्री मोटारसायकलवर गावाकडे निघतो. वाटेत तिघे आडवे येतात, मारहाण करून पैसे हिसकावतात. समजा, चोर सापडले, गुन्हा शाबीत झाला; पण शिक्षा जेमतेम वर्षाची. पारावरची माणसं म्हणतात, "वर अपील कर की!" खरी अडचण इथंच आहे.

नव्या भारतीय न्याय संहितेत जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. हमरस्त्यावर रात्री घडली तर चौदा वर्षांपर्यंत. घातक हत्यार वापरले तर सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा देता येत नाही. पण शिक्षा कमी झाली एवढ्यावरून फिर्यादीला अपील नाही. २००९ च्या दुरुस्तीने पीडिताला अपिलाचा हक्क दिला, तो आरोपी सुटला, हलक्या गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली तरच. शिक्षावाढ त्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही हीच तरतूद कायम आहे.

शिक्षावाढीचे अपील सरकारने करायचे. निकाल मॅजिस्ट्रेटचा असेल तर सेशन कोर्टात ३० दिवसांत, सेशन कोर्टाचा असेल तर हायकोर्टात ६० दिवसांत. म्हणून निकाल लागताच नकलेसाठी अर्ज करावा आणि सरकारी वकील व पोलीस अधीक्षकांना लेखी विनंती देऊन पोच घ्यावी. सरकार हलले नाही तर ९० दिवसांत रिव्हिजन अर्जाची वाट उरते. त्यासाठी वकील गाठावा.

निकाल मात्र नीट वाचावा. जबरी चोरीऐवजी साध्या चोरीत दोषी धरले असेल, तर अपील फिर्यादी स्वतः करू शकतो. आणखी एक ध्यानात ठेवा. शिक्षावाढीच्या अपिलात आरोपीलाही निर्दोष असल्याचे मांडता येते. पुरावा कच्चा असेल तर हातचेही जायचे.

म्हणून पोलीस पाटील आणि पंचांचे काम मोठे. जखमेची वैद्यकीय नोंद झाली का, हत्यार जप्त झाले का, हे त्याच वेळी पाहावे. ज्याचे पैसे गेले त्यालाच शिक्षेबद्दल अपील नाही, ही कायद्यातली उणीव आहेच. ती दूर होईपर्यंत मुदतीत केलेला अर्ज हाच आधार.