भूमापन यंत्रांची खरेदी आणि उद्याचे उपग्रह

शेताची हद्द असो वा गावठाणातील घराची, ती निश्चित करण्याच्या कामी साखळीची जागा आता उपग्रहांचे संकेत टिपणाऱ्या जीपीएस यंत्रांनी घेतली आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाने उभारलेल्या कायमस्वरूपी संदर्भ केंद्रांच्या, म्हणजेच ‘कॉर्स’च्या जाळ्यामुळे काही सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजणी जागच्या जागी शक्य झाली आहे. एप्रिल २०२० मध्ये ग्रामीण भागासाठी ‘स्वामित्व’ योजना, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरांसाठी ‘नक्शा’ कार्यक्रम सुरू झाला. मोजणीचा व्याप असा वाढत असताना, आज घेतलेले महागडे यंत्र किती वर्षे उपयोगी पडेल, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

यंत्रातील काही उणिवा सॉफ्टवेअर बदलून दूर होतात. जीपीएसमधील आठवड्यांची गणना दर १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यापासून सुरू होते. ६ एप्रिल २०१९ रोजी असे घडले, तेव्हा अनेक जुन्या यंत्रांना सॉफ्टवेअर सुधारणेची गरज भासली. मात्र अँटेना आणि आतील मंडल जी वारंवारता टिपूच शकत नाहीत, तिचे संकेत कोणत्याही सॉफ्टवेअरने मिळत नाहीत.

भारताच्या ‘नाविक’ प्रणालीचे उदाहरण येथे बोलके आहे. तिचे पहिल्या पिढीतील उपग्रह एल-५ आणि एस या पट्ट्यांत संकेत देतात. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून त्यात एल-१ ची भर पडली. जीपीएसही याच पट्ट्यात संकेत देत असल्याने, निर्मात्याने सुधारित सॉफ्टवेअर दिल्यास काही यंत्रांना हा लाभ मिळू शकतो. एल-५ ची सोय नसलेल्या यंत्राला तो पट्टा मात्र बंदच राहील.

तथापि, उपग्रहांचे वेळापत्रक खरेदीदाराच्या हाती नसते. २९ जानेवारी २०२५ रोजी सोडलेला एनव्हीएस-०२ नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. जीपीएसच्या एल-५ संकेताचे नियमित उपग्रह २०१० पासून जाऊ लागले. परंतु जुने उपग्रह एकेक करून बदलले जात असल्याने असे संक्रमण दीर्घकाळ चालते.

त्यामुळे केवळ भावी उपग्रहांच्या भरवशावर खरेदी करणे जितके जोखमीचे, तितकेच त्यांचा विचार न करणेही तोट्याचे आहे. यंत्र कोणते पट्टे टिपते, सॉफ्टवेअर सुधारणा किती वर्षे मिळतील आणि त्यांचे शुल्क वेगळे आहे काय, या बाबी निविदेतच स्पष्ट होणे हितावह ठरेल. मोजणी रखडल्यास त्याचा भार अखेर जमीनधारकालाच सोसावा लागतो.