कुंभकोणमचे दोन माधवराव

कन्याकुमारीची यात्रा करून परतणारी मराठी मंडळी एक दिवस तिरुवनंतपुरमला मुक्काम करतात. पद्मनाभस्वामींचे दर्शन होते, कोवळमचा समुद्र पाहून होतो, मुलांना प्राणिसंग्रहालय दाखवून होते. या गडबडीत महात्मा गांधी रस्त्यावरून, सचिवालयासमोरून दोनतीनदा तरी जाणे-येणे होते. तिथल्या बसथांब्याचे नाव नुसते 'स्टॅच्यू'. पुतळा कोणाचा, हे विचारायला सवड कुणाला असते?

तो पुतळा एका मराठी माणसाचा आहे. नाव सर टी. माधवराव. त्यातला 'टी' म्हणजे तंजावर. जन्म मात्र तंजावरपासून चाळीसेक किलोमीटरवर असलेल्या कुंभकोणमचा, सन १८२८ चा.

कुंभकोणम हे आपल्या नाशिकचे दूरचे भावंड म्हणायला हरकत नाही. गुरू सिंह राशीत आला की इकडे गोदावरीवर सिंहस्थाची पर्वणी येते, आणि तिकडे कुंभकोणमच्या महामहम तलावात लाखो लोक स्नानाला उतरतात. कावेरीकाठची भातशेती, नागवेलीची पाने, पितळेच्या समया, पावलोपावली गोपुरे आणि पितळी पेल्यातून मिळणारी फेसाळ कॉफी, हा तिथला थाट. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला मराठी राज्य उभे केले. त्या राज्याबरोबर कारभारी, हिशेबनीस, कीर्तनकार अशी अनेक मराठी घराणी त्या मुलखात गेली आणि तिथलीच झाली. बाहेर तमीळ आणि घरात मराठी. ती तंजावरी मराठी पहिल्यांदा कानावर पडली की आपल्याला नीट उमगत नाही. थोडा वेळ ऐकत राहिले की मधेच एखादा शब्द असा येतो, जो आपण शेवटचा आपल्या पणजीच्या तोंडून ऐकलेला असतो.

माधवरावांचे घराणे अशाच देशस्थ कारभाऱ्यांचे. चुलते व्यंकटराव आणि वडील रंगराव दोघेही त्रावणकोर संस्थानचे दिवाण होऊन गेलेले. म्हणजे राज्यकारभार घरातच मुरलेला. माधवराव शिकले मात्र मद्रासच्या सरकारी हायस्कुलात, पॉवेल नावाच्या इंग्रज गुरूंच्या हाताखाली. गणित आणि खगोलशास्त्र हे त्यांचे आवडते विषय. बाजारातून भिंगे आणायची आणि बांबूच्या नळकांड्यात बसवून दुर्बीण करायची, असा त्यांचा उद्योग चाले असे सांगतात. पुढे काही दिवस मास्तरकी, मग मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी आणि १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून नेमणूक. तिथून संस्थानच्या महसूल खात्यात.

आता थोडे त्या काळाविषयी सांगायला हवे, नाहीतर या माणसाचे मोल कळणार नाही. १८५५ मध्ये तंजावरचे राजे पुत्र नसताना वारले आणि इंग्रजांनी वारस नाही म्हणून राज्याचा हक्कच संपवला. सातारा, झाशी, नागपूर आधीच गेली होती. त्याच वर्षी त्रावणकोरला डलहौसीच्या सरकारकडून तंबी मिळाली, की तुमचा कारभार असाच गलथान राहिला तर आम्हाला हात घालावा लागेल. वारस नसला तर दत्तक नामंजूर करायचा, आणि वारस असला तर गैरकारभाराचे निमित्त काढायचे. दोन्हीकडून फास तयारच होता.

आणि गैरकारभार होताही! नोकरांचे पगार थकलेले, खजिन्यावर कर्ज, खुद्द पद्मनाभस्वामींच्या देवस्थानाचेही सरकार देणे लागत होते. अशा वेळी १८५७ मध्ये जुने दिवाण वारले आणि तिशीही न गाठलेल्या माधवरावांच्या हाती कारभार आला.

त्यांनी केलेल्या कामांची यादी मी देत बसत नाही, ती फार लांब आहे. दोनच गोष्टी सांगतो. मिरी आणि तंबाखू यांच्या व्यापारावर सरकारची मक्तेदारी होती. पैसा येण्याचा हा सोपा मार्ग, पण त्यात शेतकरी नाडला जाई आणि चोरटा व्यापार फोफावे. १८६० मध्ये मिरीची आणि १८६३ मध्ये तंबाखूची मक्तेदारी माधवरावांनी उठवली. रिकाम्या खजिन्याच्या दिवाणाने उत्पन्नाची हुकमी बाब आपल्या हाताने सोडून देणे ही छातीची गोष्ट होती. दुसरी गोष्ट १८६५ ची. सरकारी जमीन पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्या कुळांना जाहीरनामा काढून त्या जमिनीची मालकी दिली. जमीन विकता येऊ लागली, गहाण टाकता येऊ लागली, मुलाला देता येऊ लागली. दोन वर्षांनी खाजगी जमीनदारांच्या कुळांनाही थोडे संरक्षण मिळाले. देणे फिटले, पगार वेळेवर होऊ लागले, रस्ते आणि कालवे झाले. ज्या सचिवालयासमोर आज पुतळा उभा आहे, त्याची इमारतही त्यांच्याच कारकिर्दीतली. विलायतेत हेन्री फॉसेट यांनी त्यांना हिंदुस्थानचा तुर्गो म्हटले. तुर्गो म्हणजे क्रांतीपूर्वीच्या फ्रान्सची घडी बसवू पाहणारा अर्थमंत्री.

कौतुक करताना एक डाग मात्र झाकून चालणार नाही. त्या काळी त्रावणकोरात नाडार समाजाच्या बायकांना उच्चवर्णीयांसमोर अंगावर वरचे वस्त्र घेण्याची मनाई होती. त्या बायका हक्क मागू लागल्या, तेव्हा मारहाण झाली, घरे जळली. दिवाण माधवराव डिसेंबर १८५८ मध्ये रूढीच्याच बाजूने उभे राहिले. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांचा दाब आला, तेव्हा जुलै १८५९ मध्ये वस्त्राची परवानगी निघाली, तीही उच्चवर्णीय बायकांसारखे नेसायचे नाही या अटीवर. कुळाला जमीन देणारा दिवाण बाईला पदर देताना कचरला. घरी लेकीबाळी असणाऱ्याने तरी हे विसरू नये.

माधवराव काही सनदी वकील नव्हते. पण त्यांचा सगळा भरवसा कायद्यावर आणि हिशेबावर होता, लहरीवर किंवा तलवारीवर नव्हता. इथे मला दूर दक्षिण अमेरिकेतला एक माणूस आठवतो. कोलंबियाचा सांतांदेर. बोगोताला कायदा शिकत होता, १८१० मध्ये स्पेनविरुद्ध उठाव झाला आणि पुस्तके टाकून तो सैन्यात गेला. पुढे सेनापती बोलिव्हार फौजा घेऊन पेरूपर्यंत गेला आणि मागे राजधानीत बसून राज्य चालवण्याचे काम सांतांदेरकडे आले. फौजेला पैसा हवा, माणसे हवीत, तर आधी काँग्रेसची मंजुरी हवी, असा त्याचा हेका. बोलिव्हारनेच त्याला 'कायद्याचा माणूस' म्हटले होते. दोघांचे शेवटी इतके फाटले, की १८२८ मध्ये कटाच्या आरोपावरून सांतांदेरला देहान्ताची शिक्षा झाली आणि ती बदलून त्याला हद्दपार केले गेले. त्याच वर्षी इकडे कुंभकोणमला माधवराव जन्मले. सांतांदेर परत येऊन राष्ट्राध्यक्ष झाला, ही पुढची गोष्ट. त्याला आपले राज्य मिळाल्यावर कायदा सांभाळायचा होता. माधवरावांना उरलेसुरले राज्य हातचे जाऊ नये म्हणून तो सांभाळायचा होता.

१८७२ मध्ये महाराजांशी बेबनाव होऊन त्यांनी त्रावणकोर सोडले. त्याच सुमारास हिंदुस्थानच्या जमाखर्चाबद्दल पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देण्यासाठी त्यांना विलायतेला बोलावणे आले. समुद्र ओलांडणे धर्माला धरून नाही म्हणून ते गेले नाहीत. मग दोनेक वर्षे इंदूरला होळकरांकडे काढली आणि १८७५ मध्ये बडोद्याला जावे लागले.

बडोद्याची हकीकत आपल्या वाचकांना ठाऊक असेल. रेसिडेंट कर्नल फेर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप मल्हारराव गायकवाडांवर आला. चौकशीला सहा जण बसले. तिघे इंग्रज म्हणाले दोषी, तिघा हिंदी सभासदांनी ते मानले नाही. त्या तिघांत आपले सर दिनकरराव होते. तरीही गैरकारभाराचे कारण दाखवून मल्हाररावांना पदच्युत केले गेले. जमनाबाईसाहेबांनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तेच सयाजीराव महाराज. त्यांच्या अज्ञानपणी बडोदे चालवायला माधवराव आले. महसुलाचा इजारा घेऊन रयतेला पिळणाऱ्या इजारदारांना त्यांनी बाजूला सारले आणि वसुली पगारी नोकरांकडे दिली.

माझ्या मते त्यांचे बडोद्यातले सर्वांत मोठे काम वेगळेच होते. १८८१ मध्ये, राज्याधिकार मिळण्याआधी, त्यांनी सयाजीरावांना समोर बसवून व्याख्याने दिली. राजाने काय करावे यापेक्षा काय करू नये यावर त्यांत भर होता. खाजगी खर्च आणि राज्याचा खर्च वेगळा ठेवावा. न्यायाधीशाच्या कामात राजाने ढवळाढवळ करू नये. खुशमस्कऱ्यांना दूर ठेवावे. हे पुस्तकरूपाने छापलेही गेले. पुढे सयाजीरावांनी सक्तीचे शिक्षण आणि गावोगावी ग्रंथालये केली, त्यांच्या पायाचा एखादा दगड तरी या व्याख्यानांत असावा. गुरुशिष्यांचे मात्र फार दिवस जमले नाही. स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या राजाला म्हातारा कारभारी जड होतोच. १८८२ मध्ये माधवरावांनी दिवाणपद सोडले आणि मद्रासला मैलापूरला जाऊन राहिले.

तिथे त्यांच्या आयुष्यातला शेवटचा पेच उभा राहिला. १८८७ मध्ये काँग्रेसचे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले. अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी, प्रतिनिधी सहाशेवर आणि स्वागताध्यक्ष राजा सर टी. माधवराव. व्हाइसरॉयच्या मर्जीतला, पदव्यांनी लदलेला हा माणूस त्या व्यासपीठावर उभा राहिला, हीच मोठी गोष्ट होती. भाषणात त्यांनी काँग्रेस हे इंग्रजी राज्याचेच सुफळ आहे असे सांगितले. त्यांचे म्हणणे मनापासूनचे होते. पण कायदेमंडळात लोकांनी निवडलेली माणसे किती असावीत, हा प्रश्न आला तेव्हा ते अडखळले. १८८९ मध्ये इतर पुढाऱ्यांशी न पटून ते बाजूला झाले. दोनच वर्षांनी, ४ एप्रिल १८९१ रोजी ते गेले. ज्याने आयुष्यभर रयतेसाठी कायदे केले, त्याला रयतेने स्वतः कायदे करावेत हे मानवले नाही. मला याचा राग येत नाही, वाईट वाटते.

दुसरे माधवराव कुंभकोणमचेच, व्ही. पी. माधवराव. जन्म १८५०, तेही तंजावरी मराठी, कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिकलेले. त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्रावणकोरात १९०४ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत श्रीमूलम प्रजासभा सुरू झाली आणि शेतकरी-व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी दिवाणासमोर गाऱ्हाणी मांडू लागले. म्हैसूरला १९०७ मध्ये कायदेमंडळ झाले. त्यांनाही डाग आहे. १९०८ मध्ये त्यांनी म्हैसुरात वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला, आणि निषेध म्हणून तिथल्या संपादकांनी आपली पत्रे बंद केली. 'केसरी'तल्या लेखांवरून लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली ती त्याच वर्षी.

१९१४ ते १९१६ ते बडोद्याचे दिवाण होते. नेमणूक सयाजीरावांची, म्हणजे पहिल्या माधवरावांसमोर बसून धडे घेतलेल्या त्याच मुलाची. तिथून निवृत्त झाल्यावर हे दुसरे माधवराव होमरूलच्या चळवळीत शिरले. नव्या राज्यसुधारणांच्या विधेयकावर साक्षी घेण्यासाठी १९१९ मध्ये लंडनला पार्लमेंटची संयुक्त समिती बसली. काँग्रेसच्या वतीने साक्ष द्यायला विठ्ठलभाई पटेलांबरोबर सत्तरीला टेकलेले व्ही. पी. माधवराव समुद्र ओलांडून गेले. लोकमान्य तेव्हा लंडनमध्येच होते. मंडालेहून सुटून आलेला संपादक आणि पत्रांचे तोंड बांधणारा दिवाण, दोघेही त्या उन्हाळ्यात एकाच समितीपुढे एकाच बाजूने स्वराज्य मागत होते.